तळ्यातल्या तीन पायऱ्या

भाड्याने घेतलेली गाडी आमच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी किल्ली हातात धरून नुसता बघत राहिलो. गाडी कसली, चाकांवरचं घरच ते. आत दोन शेगड्यांचा ओटा, फ्रिज, रात्री ज्याचा पलंग होतो असं जेवणाचं टेबल आणि कोपऱ्यात चक्क संडास. पुण्याला आम्ही सात माणसं ज्या दोन खोल्यांत वाढलो, त्यांना संडास नव्हता. तो चाळीच्या टोकाला होता आणि सकाळी तिथे रांग असे. इथली माणसं घरातला संडास बरोबर घेऊन रानात राहायला जातात आणि त्याला कॅम्पिंग म्हणतात. नेपरव्हिलमध्ये दहा वर्षं राहूनही हे मला ठाऊक नव्हतं.

हट्ट नेहाचा होता. ती तेव्हा चौदा वर्षांची. तिची मैत्रीण दर उन्हाळ्यात आईवडिलांबरोबर अशी आर.व्ही. (राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन डकोटातल्या एका तळ्यावर जाते. "बाबा, एव्हरीबडी गोज समव्हेअर. वुई ओन्ली गो टु पीपल्स हाउसेस अँड ईट," नेहा म्हणाली. खोटं नव्हतं. ट्रॉयचे काका, डॅलसची मावशी. आमची सुटी म्हणजे एका मराठी घराच्या बेसमेंटमधून दुसऱ्या मराठी घराच्या बेसमेंटमध्ये. मी हो म्हणालो.

हो म्हटल्यावर नकाशा पाहिला. निळा पट्टा लांबच्या लांब, वाकडातिकडा, आणि एका टोकाला तोडल्यासारखा सरळ. सरळ कडेची तळी निसर्ग करत नाही. ते धरणाचं पाणी होतं. मी कोणाला काही बोललो नाही. अमेरिकेत आल्यापासून मी धरणाच्या पाण्यावर सहलीला जायचं टाळत आलो होतो. त्याचं कारण माझ्या बायकोलाही, कुंदालाही, माहीत नव्हतं. या लेखात ते सांगायचं ठरवूनच मी लिहायला बसलो आहे. त्यामुळे वाचकांनी यात केवळ तळ्याच्या सौंदर्याची अपेक्षा ठेवू नये.

कुंदाने पाच दिवसांच्या सहलीसाठी पाच आठवड्यांचं सामान भरलं. कुकर, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, लोणच्याची बरणी आणि स्टीलची ताटं. "कागदी ताटल्यांत भात कालवता येत नाही," ती म्हणाली आणि विषय संपला.

अठ्ठ्याऐंशी सालचा जुलै. त्या उन्हाळ्यात पावसाने पाठ फिरवली होती. मिसिसिपी ओलांडून मिनेसोटात शिरलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा मका गुडघ्याएवढाच आणि पानं सुरळी करून उभा. रेडिओवर गाण्यांच्या मधे पावसाची बातमी, म्हणजे पाऊस नसल्याची बातमी. एका पेट्रोल पंपावरच्या माणसाला मी वेळ घालवायला म्हटलं, "उकाडा फार आहे." तो माझ्या गाडीकडे बघत म्हणाला, "तुमच्याकडे एसी आहे ना? मग बोलू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी मका संपला, झाडं संपली आणि प्रेअरी (सपाट गवताळ माळ) सुरू झाली. मी सह्याद्रीच्या कुशीतला माणूस. नजर कुठेतरी अडायची सवय. इथे ती अडतच नव्हती. मैलच्या मैल वाळलेलं पिवळं गवत, वर पांढरं पडलेलं आकाश, आणि मधे आमची गाडी. कुंदा खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "अहो, इथे माणूस हरवला तर लपायलासुद्धा जागा नाही."

संध्याकाळी एका उंचवट्यावरून तळं दिसलं आणि आम्हाला पहिला धक्का बसला. माहितीपत्रकातल्या फोटोत निळं पाणी गाड्यांच्या चाकांना भिडलं होतं. प्रत्यक्षात कॅम्पग्राउंड आणि पाणी यांच्यामध्ये अर्धा मैल भेगाळलेला चिखल पसरला होता. होड्यांचा तरंगता धक्का कोरड्या जमिनीवर कलंडून पडला होता. "व्हेअर इज द लेक?" नेहा म्हणाली. तळं मागे सरकलं होतं.

दुसरा धक्का मी स्वतःच्या हाताने दिला. कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेला पाणी, वीज आणि सांडपाणी अशा तीन जोडण्या असतात. मी सिव्हिल इंजिनिअर. सगळं आयुष्य पाणी आणि नळ यांत गेलेलं. शेजारपाजारचे लोक खुर्च्या टाकून बघत होते, म्हणून जरा रुबाबातच मी गाडीच्या पोटाखालची जाड नळी जोडली. कडी बसल्याचा 'खट्' असा आवाज यायला हवा होता. तो आला नाही हे मला कळलं होतं. तरी मी टाकीची दांडी ओढली.

पुढचं वर्णन करत नाही. नळी सुटली आणि वाटेतल्या दोन दिवसांचं सगळं माझ्या बुटांवरून शेजारच्या जागेच्या दिशेने निघालं.

"अहो! अहो, हे काय करून ठेवलंत!" कुंदा खिडकीतून ओरडली.

"ओ माय गॉड, बाबा. एव्हरीवन कॅन सी अस."

शेजारी एक छोटा, जुना, पांढरा ट्रेलर होता. त्यातून सत्तरी ओलांडलेली एक बाई उतरली. अंगात पुरुषी खाकी शर्ट, पायांत रबरी बूट, हातात कॉफीचा मोठा रिकामा डबा. रिकामा नव्हता, त्यात चुना होता.

"हलू नकोस," ती मला म्हणाली. "जितका नाचशील तितकं पसरेल." तिने मुठी भरभरून चुना टाकायला सुरुवात केली, आधी कडेने, मग मध्ये. "गोठ्यातली सवय. चुना घरात असला की कशालाच घाबरायचं नाही. काय काम करतोस तू?"

"इंजिनिअर आहे."

"बरं झालं सांगितलंस. आमच्याकडे शाळा सोडलेली पोरंही आधी कडी अडकवतात आणि मग दांडी ओढतात."

शेजारचे लोक हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. पण माझी नजर जमिनीवर होती. तिने कडेने टाकलेल्या चुन्याची एक पांढरी रेघ झाली होती, वाकडी पण स्पष्ट. मी तोंड फिरवलं. कुंदाला वाटलं वासाने.

बापाची टर उडालेली नेहाला सहन झाली नाही. "ही बिल्ट डॅम्स इन इंडिया!" ती तावातावाने म्हणाली.

बाईचा हात डब्यातच थांबला. "धरणं?"

"बांधली नाहीत," मी घाईने म्हणालो. "तरुणपणी दोन वर्षं सर्व्हेला होतो. पाणी कुठवर येईल ते मोजायचं."

"म्हणजे खुंट्या मारणारा."

"हो."

तिने माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. डब्याचं झाकण लावलं. "मी एड्ना. उद्या सकाळी सातला तयार राहा. तुला एक दाखवायचंय."

कुंदाने उपकाराची फेड म्हणून एका ताटात दोन थालीपिठं आणि लोण्याचा गोळा घालून ते नेहाबरोबर पाठवलं. अर्ध्या तासाने ताट धुऊनपुसून परत आलं आणि त्यात चोकचेरीच्या (इथल्या रानात होणाऱ्या तुरट-आंबट फळाच्या) जेलीची बाटली होती. कुंदाचा चेहरा उजळला. "रिकामं ताट परत करत नाही ही बाई. आपल्यातलीच आहे."

मी माझं थालीपीठ झाकून ठेवलं.

सकाळी सातला एड्ना बाहेर उभी होती. कुंदा आणि नेहाही निघाल्या. मला ते नको होतं, पण नको म्हणायला कारण सापडलं नाही. कॅम्पग्राउंडच्या कडेला एक डांबरी रस्ता होता. आदल्या संध्याकाळी मी तो होड्या उतरवायचा रस्ता समजलो होतो. तो तसा नव्हता. मधोमध पुसट रेघ असलेला, दोन गाड्या जातील असा तो खराखुरा रस्ता होता आणि तो सरळ तळ्यात जात होता. एरवी पाण्याखाली असायचा. दुष्काळाने त्याला वर काढलं होतं.

आम्ही त्यावरून चालू लागलो. दोन्ही बाजूंना चिखलात कुंपणाचे खांब, शिंपल्यांचे ढीग, आणि जमिनीलगत कापलेल्या झाडांचे बुंधे, ओळीने.

"कॉटनवूड," एड्ना म्हणाली. "माझ्या सासऱ्याने लावलेली. पाणी यायच्या आधी सरकारने कापून घेतली, होड्यांना अडथळा नको म्हणून."

एका ठिकाणी ती रस्ता सोडून वळली. तिने वळायची जागा शोधली नाही. फाटक होतं तिथूनच वळावं तशी वळली. आणि मला त्या पायऱ्या दिसल्या.

सिमेंटच्या तीन पायऱ्या. त्या कुठेच जात नव्हत्या. खालची चिखलात अर्धी रुतलेली, वरची उन्हात पांढरी पडलेली, आणि तिच्यापलीकडे काही नाही. बाजूला गंजलेली एक लोखंडी पट्टी होती. एड्ना पुढे झाली, आधी डावा बूट, मग उजवा बूट त्या पट्टीवर घासून तिने चिखल काढला आणि मग पायरी चढली. वर पोचून ती उभी राहिली. पुढे दार नव्हतं.

मी समोरच्या एका बुंध्यावर बसलो.

"हे स्वयंपाकघराचं दार," ती म्हणाली. "तीस वर्षांत तिसऱ्यांदा बघतेय. मी दर उन्हाळ्यात तीच जागा घेते, ट्रेलरच्या खिडकीतून इथलं पाणी दिसतं ती. पलीकडच्या काठावर इंडियन लोकांची वस्ती होती, मूळच्या रहिवाशांची. त्यांचं आमच्यापेक्षा जास्त गेलं. मी एकटीच रडतेय असं समजू नकोस."

"तुम्हाला आधी सांगितलं होतं का?" कुंदाने विचारलं.

"सांगितलं ना. एक पोरगा आला होता. सर्व्हेवाला. माझ्या टेबलाशी बसून त्याने दोन वेळा ॲपल पाय मागून खाल्ला आणि मग टोपी हातात घेऊन म्हणाला, बाई, तुमच्या शेगडीवर अकरा फूट पाणी येणार. मी त्याला हाकलून दिलं. पाणी आलं त्या दिवशी तो परत आला. त्याचं काम केव्हाच संपलं होतं, तरी आला. तिथे, त्या टेकाडावर आम्ही उभे होतो, तिथे येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. मी त्याच्या थोबाडीत मारली."

"मग?"

"मग काही नाही. तो उभाच राहिला. घराचं छप्पर दिसेनासं होईपर्यंत. अकरा फूट, बरोबर निघाले."

"यू फरगेव्ह हिम?" नेहाने विचारलं.

"छे. माफी वेगळी गोष्ट आहे, पोरी. पण त्याचं तोंड मला ठाऊक आहे. ज्याने केलं त्याचं तोंड माहीत असलं की माणूस रात्री झोपू शकतो."

नेहा माझ्याकडे वळली. तिच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. "बाबा, डिड यू गो बॅक टू? टु युअर पीपल?"

एकवीस वर्षं मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी "नाही" म्हणालो. तिथेच थांबता आलं असतं. पण त्या पायऱ्यांसमोर बसून थांबता येईना. मी मराठीत बोललो, कारण ते मला इंग्रजीत येत नव्हतं, आणि नेहा एड्नाला हळूहळू सांगत गेली.

घाटाखालचं एक गाव होतं. बांधून होत आलेल्या धरणात किती घरं बुडणार हे ठरवण्यासाठी मी तिथे चार दिवस उंच्या मोजल्या. काम सोपं असतं. उंची माहीत असलेल्या एका दगडापासून सुरुवात करायची, दुर्बिणीतून उभ्या पट्टीवरचे आकडे वाचत गावभर फिरायचं आणि पुन्हा त्याच दगडावर यायचं. निघतानाचा आकडा आणि परतल्यावरचा आकडा जुळला की काम बरोबर. जसजशी उंची मिळत होती तसतशी आम्ही घरांच्या भिंतींवर चुन्याने बुडीत रेषा मारत होतो. रेघेच्या खालची घरं उठणार, वरची राहणार.

सोनाबाई नावाच्या म्हातारीचं घर रेघेच्या लगेच वर आलं. साठीची असेल. तिने मला ताक दिलं आणि विचारलं, "सायेब, म्हंजे पानी माज्या उंबऱ्याला शिवनार न्हाई ना?"

"नाही शिवणार, आजी."

"तुमी सांगितलं, झालं मग."

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी दगडावर परत आलो आणि आकडा जुळला नाही. जवळजवळ तीन फुटांचा फरक. पट्टी ओढून लांब करावी लागते आणि खटका बसवावा लागतो. कुठेतरी तो नीट बसला नव्हता. कुठे, हे शोधायला पुन्हा चार दिवस लागले असते. तो गुरुवार होता. सोमवारी मुंबईला माझी व्हिसाची मुलाखत होती. पट्टी धरणारा खलाशी (सर्व्हेतला कामगार) म्हणाला, "सायेब, उद्यापास्नं परत लावू या का?" मी त्याला घरी जायला सांगितलं. मग वहीतला शेवटचा आकडा रबराने खोडला आणि जुळेल असा लिहिला.

अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात माझ्याबरोबर काम केलेल्या दिगंबरचं पत्र आलं. त्यातली वाक्यं मला पाठ आहेत. 'पाणी तुझ्या रेघेच्या वर सात घरं गेलं. म्हातारी उठेना. सायबानं रेघ मारलीया म्हणत उंबऱ्यात बसून राहिली. गुडघ्याएवढं पाणी झाल्यावर दोघांनी उचलून नेली. आता माळावर पत्र्याखाली राहते. येणाऱ्या प्रत्येक सर्व्हेवाल्याला विचारते, ते सायेब कधी येणार?'

मी त्या पत्राला उत्तर लिहिलं नाही. दिगंबरने पुन्हा लिहिलं नाही. लग्नासाठी भारतात गेलो, नंतर चार वेळा गेलो. पुण्याहून ते गाव चार तासांवर आहे.

कुंदाने माझ्याकडे पाहिलं नाही. पाण्याकडे बघत म्हणाली, "म्हणून महाबळेश्वरला जातानासुद्धा तुम्ही लांबच्या रस्त्याने नेलंत."

"हो."

नेहाने शेवटचं वाक्य भाषांतर करून संपवलं होतं. एड्ना वरच्या पायरीवर उभीच होती. मला वाटलं होतं, ती काहीतरी बोलेल. तू लहान होतास, वरच्यांनी तपासायला हवं होतं, असं काही. मी स्वतःला एकवीस वर्षं हेच सांगत आलो होतो.

"ती आता कुठे आहे?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

"नाही."

ती पायऱ्या उतरली. माझ्या बाजूने गेली आणि रस्त्याला लागली. आमच्यासाठी थांबली नाही.

तो दिवस कसा गेला ते लिहिण्यासारखं नाही. नेहा पाण्यापर्यंत चालत गेली आणि परत आली. कुंदाने कुकर लावला. शिट्टी झाली तेव्हा दोन गाड्यांपलीकडचा एक माणूस आग लागली समजून बादली घेऊन धावत आला, आणि आम्ही कोणी हसलो नाही. संध्याकाळी कुंदाने पुन्हा एक ताट भरलं, भात, मेतकूट, तूप, आणि स्वतः एड्नाच्या दारात देऊन आली.

सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो. मी नळी काढली, कडी तीनदा तपासली. ताट आमच्या गाडीच्या पायरीवर ठेवलेलं होतं. स्वच्छ धुतलेलं, पुसलेलं आणि रिकामं. कुंदाने ते उचललं, एकदा उलटंसुलटं पाहिलं आणि आत ठेवलं.

मी गाडी सुरू केली तेव्हा एड्ना खिडकीशी आली. "ती बाई आता किती वर्षांची असेल?"

"ऐंशीच्या पुढे."

"मग घाई कर," ती म्हणाली आणि ट्रेलरकडे वळली.

परतीच्या सातशे मैलांत कुंदा माझ्याशी जेमतेम दहा वाक्यं बोलली असेल. त्यातलं एक असं: "ताक प्यायलात तिच्याकडचं." नेहाने नेहमीची कॅसेट लावली नाही. मिनेसोटात शिरताना आभाळ भरून आलं, चार थेंब काचेवर पडले आणि गेले. मका तसाच होता.

नेपरव्हिलला पोचल्यावर मी बेसमेंटमधून ते पत्र काढलं आणि कुंदाला वाचायला दिलं. तिने ते दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी तिने ट्रॅव्हल एजंटला फोन केला. मला विचारलं नाही, तारीख सांगितली: दिवाळीनंतरचा पहिला आठवडा. त्याच संध्याकाळी मी त्या तालुक्याच्या पोस्टमास्तरांना पत्र टाकलं. पुनर्वसनानंतर गाव कुठे हललं, सोनाबाई आहेत का, नसल्या तर त्यांचं कोण आहे. शेवटी लिहिलं, 'रेघ चुकली होती. ती मी मारली होती.' एवढी दोन वाक्यं लिहायला मला साडेतीन तास लागले. उत्तर अजून आलेलं नाही. आलं किंवा न आलं, आम्ही जाणार आहोत.

लोक प्रवासाहून काहीतरी आणतात. आमच्या फ्रिजमध्ये चोकचेरीच्या जेलीची ती बाटली आहे. कुंदाने ती अजून उघडलेली नाही आणि मी उघडावी असं तिला वाटत नाही.

काल नेहा माझ्या खोलीत आली. तिने तिच्या सुटीच्या तारखा कागदावर लिहून आणल्या होत्या.

"मी पण येते," ती मराठीत म्हणाली. मग थांबून, "तिला काय म्हणायचं? सोनाबाई?"

"नाही. आजी म्हण."

"आजी," तिने म्हणून पाहिलं. "ओके. अँड यू, बाबा? तू काय म्हणणार?"

मी तेव्हापासून तेच जुळवतो आहे. अजून जुळलेलं नाही. या वेळी काही खोडणार नाही.